शोरूमवाल्याला गाठायचंय? पितृपक्षात जा

सीट बेल्टचं पथनाट्य, बॅनर, रॅली हे सगळं करून झालं आमचं, चौकात टाळ्या मिळाल्या आणि टाळ्या वाजवणारेच पुढच्या सिग्नलला बिनबेल्टचे दिसले. मग डोक्यात आलं की माणूस गाडीबद्दल कोणाचं मन लावून ऐकतो? तर गाडी विकणाऱ्याचं. म्हणून आम्ही बेल्टची सवय लावायला कारच्या शोरूमवाल्यांनाच गाठलं. तेच लिहितोय, तुमच्या गावात करायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे वेळ. महिनाअखेरीला अजिबात जाऊ नका, तेव्हा सगळे टार्गेटच्या मागे असतात, आम्हाला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं. दसरा-पाडव्याला तर नाहीच. पितृपक्षात जा, लोक गाडी घ्यायचं टाळतात, शोरूममध्ये माशा मारत बसलेले असतात, निवांत बोलतात आणि दसऱ्याच्या डिलिव्हरीआधी तयारीलाही वेळ मिळतो. मालकाला भेटून होकार घ्या पण खरं काम डिलिव्हरी देणाऱ्या पोराशी आणि ॲक्सेसरीजच्या काउंटरशी आहे.

काउंटर का? एका ओळखीच्यांच्या नव्या गाडीत मागे बसलो, बेल्ट ओढला आणि बकल कुठेच नाही!! सीट कव्हर बसवताना तिन्ही बकलं खाली दाबून टाकलेली, बोटं घालून घालून एक बाहेर काढलं तर त्यावर अजून प्लास्टिक तसंच. आता अशा गाडीत आजी-आजोबा बेल्ट लावतील कसे? त्यामुळे शोरूमकडे मागायची पहिली गोष्ट हीच की कव्हर बसवल्यावर बकलं वर काढून, प्लास्टिक फाडून, प्रत्येक बेल्ट एकदा लावून बघायचा, डिलिव्हरीच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवली की झालं, खर्च शून्य. दुसरी गोष्ट, बेल्ट न लावता त्याचा अलार्म बंद करायला बकलमध्ये खुपसतात ती क्लिप काउंटरवर ठेवायची नाही. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना ती विकायला बंदी केली आणि १३,११८ लिस्टिंग काढायला लावल्या, हे सांगितलं की मालक वाद घालत नाही.

मग डिलिव्हरीचा दिवस. हार, पेढे, चाकाखाली लिंबं, ती मोठी पुठ्ठ्याची किल्ली घेऊन फोटो. आम्ही एवढंच म्हटलं की अजून एक फोटो घ्या, सगळं घर गाडीत बसलेलं आणि सगळ्यांचे बेल्ट लावलेले, मागच्यांचेसुद्धा. भाषण नको, पोराने फक्त म्हणायचं, "आजी, थांबा, तुमचा बेल्ट मी लावून देतो." लावताना दाखवायचं की खालचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर, गरोदर बाई असेल तर पोटाच्या खालून, वरचा पट्टा खांद्यावरून, काखेतून नाही.

"आमच्या गाडीत सहा एअरबॅग आहेत" असं ऐकायला मिळणारच. पोराला उत्तर पाठ करून द्या: एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठी असते, मोकळा माणूस पुढे फेकला जातो आणि फुगणाऱ्या बॅगवरच आदळतो.

मागच्या सीटला कोण लावतं, म्हणणाऱ्याला उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या अपघाताची आठवण करून द्या. ४ सप्टेंबर २०२२, पालघरमधलं चारोटी, मर्सिडीज होती, मागचे दोघं बेल्टशिवाय होते आणि तेच दोघं गेले, पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले. दंडाचं शेवटी सांगा, मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ब, बेल्ट नसेल तर १००० रुपये, चौदा वर्षांखालचं पोरगं बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तरी तेवढाच. खरं सांगू, दंडाने आजवर कोणी ऐकलेलं मी तरी पाहिलं नाही.

टेस्ट ड्राइव्हचंही बोलून ठेवा, मागचे बेल्ट लागल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही. आणि पहिल्या फ्री सर्व्हिसला मागची बकलं परत बघायला सांगा, तोवर ती पुन्हा आत गेलेली असतात.

जुन्या गाड्यांच्या डीलरकडे वेगळं जावं लागतं. तिथे फक्त दोन गोष्टी: पट्टा कडेने उसवलाय का ते बघा आणि झटका देऊन ओढा, अडकला नाही तर गाडी लायनीत लावायच्या आधी बदलायला सांगा.