नाशिकमध्ये गादीवाफ्यावर उन्हाळी भाज्या कधी आणि कशा लावायच्या

संक्रांत झाली की लगेच भेंडीचं बी टाकायची घाई करू नका, नाशिकची थंडी एवढ्यात जात नाही. निफाडकडे जानेवारीत पारा पाच-सहावर येतो, शहरातही पहाटे चांगलाच गारठा असतो, आणि भेंडी, काकडी, दोडक्याचं बी गार मातीत नीट उगवत नाही, बरंचसं कुजून जातं. महाशिवरात्रीच्या आसपास, रात्रीचं स्वेटर कपाटात गेलं की पेरा.

वाफा विटांचा करा नाहीतर फळ्यांचा, रुंदी ३ फूट बास, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे म्हणजे मातीवर पाय पडत नाही. उंची १ फूट. जास्त उंच दिसायला छान वाटतो पण एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की असा वाफा भराभर वाळतो. तळाला फरशी किंवा प्लॅस्टिक नको, मुळं खाली जाऊ द्या.

आपली काळी माती नुसती भरली तर पाणी दिल्यावर चिकट होते आणि वाळली की भेगा, म्हणून निम्मी माती, पाव भाग शेणखत, पाव भाग कोकोपीट किंवा भाताचं तूस (इगतपुरी, त्र्यंबककडच्या राइस मिलमध्ये मिळतं) आणि दोन-चार मुठी निंबोळी पेंड. ८ फूट लांब वाफ्याला २४ घनफूट मिश्रण लागतं, पाणी मारलं की ते खाली बसतं म्हणून थोडं जास्तच करा. शेणखत हातात घेऊन बघा, भुसभुशीत, गार आणि वास नसलेलं हवं. कच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी आलीच समजा.

भेंडीचं बी रात्रभर भिजवून फुटाफुटावर, बोटाच्या एका पेराएवढं खोल लावा. भेंडीचा केवडा रोग (पानांच्या शिरा पिवळ्या पडतात) पांढरी माशी पसरवते, त्यामुळे परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका असलं या रोगाला तोंड देणारं वाण घ्या आणि पिवळे चिकट सापळे लावा. दोडका-काकडीचा मांडव पश्चिमेला करा, दुपारनंतरची सावली वाफ्यावर पडते आणि तिथे पालक, कोथिंबीर तग धरते. धणे लाटण्याने रगडून दोन फाका करून पेरायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आच्छादन. रोपं चार बोटं झाली की दोन-तीन इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. हे केलं नाही तर सकाळचं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, मग ठिबक असलं तरी रोपं माना टाकतात. पाणी सकाळीच द्या, आणि आधी पाचट सारून बोट मातीत खुपसून बघा, आत ओल असेल तर त्या दिवशी राहू द्या.

दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. मधमाश्या कमी असतील तर तेव्हाच नर फूल तोडून मादी फुलाला (ज्याच्या मागे बारकं फळ असतं) हलकेच लावा.

भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांत सुरू होते. मग एक दिवसाआड तोडाच, ठेवली की जून होते आणि झाड पुढची फुलं कमी धरतं.