दुधीची कळी गळते? खत घालू नका, तिन्हीसांजेला गच्चीवर जा

वेलाला भरभरून फुलं येतात, बोटाएवढे दुधी दिसायला लागतात आणि चार दिवसांत पिवळे पडून गळून जातात. दर श्रावणात ही तक्रार माझ्याकडे येते, आणि तोवर कुणीतरी खत घालायचा सल्ला देऊन झालेला असतो. कुणी ताक ओतलेलं असतं, कुणी केळीच्या सालींचं पाणी, कुणी चक्क युरिया. युरियानं उलटंच होतं. नत्र जास्त झालं की वेल पानांनी माजतो आणि नर फुलंच काढत राहतो.

लावणीत अवघड काही नाही. मृगाचा पाऊस झाला की बी रात्रभर भिजवून लावा. एका वेलाला अर्धा कापलेला ड्रम हवाच; रंगाच्या बादलीत दुधी होत नाही, कुणी कितीही सांगो. ड्रममध्ये दोन बिया टाका आणि उगवल्यावर जोमदार रोप तेवढं ठेवा. मांडव त्याच दिवशी बांधून घ्या.

वेल मांडवाला टेकला की शेंडा खुडा. मुख्य खोडावर आधी नर फुलंच येतात, मादी फुलं जास्त करून बगलेतल्या फांद्यांवर लागतात. पण चार-पाच पानांचं रोप असताना शेंडा खुडायचा सल्ला ऐकू नका. मुळं धरायच्या आतच त्याला जखम कशाला?

आता खरी अडचण. पहिल्या वर्षी मी पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत तीन वेल लावले होते. मांडव पांढऱ्या फुलांनी भरला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ती बारीक देठाची फुलं वांझ असतात, खुडून टाक. वेलाचं बळ वाया जातं." मी रोज खुडत राहिले. गौरी जेवल्या, पण पानात घरचा दुधी नव्हता. मी खुडत होते ती नर फुलं होती. पराग त्यांच्यातच असतात. ते मादी फुलाला मिळाले नाहीत तर फळ धरणार कसं? त्या फुलांना वांझ म्हणणं सोडा आणि एकही खुडू नका.

दोन्ही फुलं नीट ओळखा. नर फुलाचा देठ लांब, सडपातळ, फुलाखाली काही नाही. मादी फुलाच्या बुडाशी मुळातच लवदार, हिरवा, करंगळीएवढा दुधी असतो. पुष्कळांना वाटतं की तो दिसला म्हणजे फळ धरलं. तसं नसतं. पराग पोचले नाहीत तर तोच टोकाकडून पिवळा पडतो.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. रात्री त्यावर पतंग येतात, पण उंच गच्चीवर ते येतीलच असं नाही. सकाळी चहा पिऊन तुम्ही गच्चीवर जाता तेव्हा फूल मलूल व्हायला लागलेलं असतं. म्हणून दिवेलागणीला जा, साधारण साडेसहा ते आठच्या दरम्यान, हातात टॉर्च घेऊन. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा. पाकळ्या मागे दुमडा, म्हणजे मधला पिवळसर दांडा मोकळा होतो. तो बोटाला लावून बघा, पूड लागली पाहिजे. मग मादी फुलाच्या मधल्या तीन फुगीर पाळ्यांवर तो दांडा हलक्या हातानं फिरवा. तिन्ही पाळ्यांना पूड लागली पाहिजे, एकीलाच लागली तर दुधी वाकडा होतो. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं. कापसाचा बोळा, ब्रश, काही लागत नाही. रात्री पाऊस येणार असेल तर त्या फुलावर कागदाची टोपी घाला, पराग धुऊन जातात. जमलं असेल तर तीन दिवसांत देठ जाड होतो आणि दुधी खाली झुकायला लागतो.

बाकीच्या वेलांची वेळ निराळी. दोडका आणि पडवळ संध्याकाळचे. घोसाळं दोडक्याचंच भावंड, पण ते उमलतं सकाळी. काकडी, कारलं, भोपळाही सकाळचेच. कारल्याला माझ्याकडे कधी हात लावावा लागला नाही, मधमाश्या बघून घेतात.

फळ धरलं की फळमाशी येते. कोवळ्या सालीवर डिंकाचा थेंब दिसला की समजा, आत अंडी घातली. फळ झुकलं त्याच दिवशी जुन्या सुती कापडाची सैल पिशवी बांधा. डंख झालेलं फळ कंपोस्टमध्ये टाकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा. जवळपास क्यू ल्यूरचा, म्हणजे नर फळमाश्यांना ओढून घेणाऱ्या गंधाचा, सापळा लावला तर नर माश्या कमी होतात, पण पिशवीला पर्याय नाही.

साधारण दोन आठवड्यांत दुधी तोडायला येतो. नख सहज रुतलं पाहिजे. चिरल्यावर कच्ची फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेकून द्या. मीठ लावून, शिजवून कडवटपणा जात नाही. कडू दुधी विषारी असतो, त्याचा रस तर मुळीच पिऊ नका.

दसरा-दिवाळीच्या सुमारास वेल काढा, ड्रममध्ये शेणखत मिसळा आणि मेथी, पालक, कोथिंबीर पेरा. थंडीतली ही पालेभाजी काही मागत नाही, फक्त पाणी कमी घाला. संक्रांतीनंतर पुन्हा दुधी लावा, म्हणजे कडक उन्हाच्या आत फळं हाती येतात. एप्रिल-मेच्या तापात नर फुलंच जास्त निघतात. तेव्हा मुळाशी पाचोळा पसरा, सकाळी भरपूर पाणी द्या आणि धीर धरा.

गावठी बियाणं असेल तर पावसाळ्यातला एक चांगला दुधी वेलावरच ठेवा, खडखड वाजेपर्यंत वाळू द्या. त्याच्या बिया पुढच्या मृगाला होतात. संकरित दुधीचं बी मात्र धरू नका, तसंच फळ पुन्हा मिळत नाही.