माळ्यावरची फेल्ट हॅट परत आकारात कशी आणायची

जुनी फेल्ट हॅट हातात आली, मग ती आजोबांच्या ट्रंकेतून निघालेली असो नाहीतर चोरबाजारातून उचललेली, की पहिली गोष्ट बहुतेक जण करतात ती म्हणजे ओल्या फडक्याने खसाखसा पुसणं, आणि नेमकं तेच करायचं नाहीये. फेल्ट हे विणलेलं कापड नाही, सशाचे, बीव्हरचे नाहीतर मेंढीचे केस दाबून दाबून केलेला थर आहे. त्या केसांवर बारीक खवले असतात, ऊब, ओल आणि घासणं हे तिन्ही एकत्र मिळालं की ते एकमेकांत अजून अडकत जातात आणि हॅट आटते. पण हीच ऊब आणि ओल मोजून मापून, वाफेच्या रूपात दिली की फेल्ट मऊ पडतं आणि हाताने वळवाल तसं वळतं. सगळी कला एवढीच आहे.

आधी हॅट उलटी करून आत बघा. कपाळाला लागते ती चामड्याची पट्टी, स्वेटबँड, तिच्यावर बऱ्याचदा साइज छापलेला असतो, अमेरिकन हॅट असेल तर 7⅛ म्हणजे साधारण 57 सेंटीमीटर डोकं, ब्रिटिश असेल तर तेच डोकं 7 नंबर. काही हॅटवर एक्स एक्स एक्स असे दर्जाचे शिक्के असतात, ते बघून फार हुरळून जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा त्याचा अर्थ वेगळा. पट्टी मागे उलटवलीत तर वर्तमानपत्राच्या घड्या निघण्याची शक्यता आहे, हॅट सैल व्हायची म्हणून तेव्हा लोक तिथे कागद कोंबायचे, एखाद्या घडीवर तारीखही वाचता येते. तो कागद बाजूला जपून ठेवा पण परत आत घालू नका, कागद जुना झाला की आम्ल सोडतो आणि चामडं खातो.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. पूर्वी सशाचे केस लवकर जमून यावेत म्हणून त्यांना पाऱ्याचं रसायन लावायचे, अमेरिकेत हॅटच्या धंद्यात हे 1941 च्या डिसेंबरमध्ये बंद झालं. त्याआधीच्या हॅटमध्ये पारा अजूनही असू शकतो, म्हणून फार जुनी वाटत असेल तर काम गॅलरीत किंवा खिडकी उघडी ठेवून करा, हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा, आणि वाफेचा भपका तोंडावर घेत बसू नका.

आता सफाई. मऊ केसांचा ब्रश घ्या, गडद हॅटला एक आणि फिक्या हॅटला दुसरा, नाहीतर काळ्याची धूळ राखाडीवर जाते. डाव्या बाजूपासून सुरू करून घड्याळाच्या उलट दिशेने, हलक्या हाताने, केसांच्या कलाने. बुरशीचे पांढरे ठिपके असतील (आपल्याकडे पावसाळ्यानंतर असतातच) तर मास्क लावून घराबाहेर ब्रश करा, ओलं काही लावू नका. आपल्याकडच्या हॅटचा खरा रोग मात्र खोबरेल. डोक्याला तेल चोपडून वर हॅट घालायची, मग ते चामड्यातून फेल्टमध्ये आणि तिथून रिबनपर्यंत झिरपतं, रिबनच्या वर तपकिरी वळसा दिसतो तो तोच. त्यावर कोरडी मुलतानी माती किंवा कॉर्नफ्लोअर टाकायचं, बोटाने अलगद दाबायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी झटकायचं आणि परत, दोनतीनदा. डाग फिका होतो, अगदी जुना असेल तर पूर्ण जात नाही, तेव्हा हट्ट सोडा. काळ्या हॅटवर माती जपून, पांढरट छटा मागे राहते.

कसर लागलेली असेल, म्हणजे छोटी भोकं किंवा कुरतडल्यासारखे खड्डे दिसत असतील, तर हॅट पूर्ण कोरडी आहे ना बघून पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. डांबराच्या गोळ्या मला पटत नाहीत, वास वर्षभर जात नाही. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवा हवं तर, पण फेल्टला चिकटून नको.

आणि आता आकार. चहाची किटली किंवा कपड्यांचा स्टीमर चालेल, कुकरच्या शिटीच्या वाफेवर अजिबात नको, ती पाणी थुंकते आणि हातही भाजतो. सगळ्यात आधी स्वेटबँड बाहेर उलटवून हॅटखाली काढा, कारण वाफेने चामडं आक्रसतं आणि एकदा आक्रसलं की साइज गेलाच. मग हॅट वाफेपासून वीतभर लांब धरून सतत फिरवत राहा, एका जागी थांबायचं नाही, वीसतीस सेकंदांत फेल्ट हाताला कोमट आणि मऊ लागेल. आतून मूठ घालून जुने सगळे पोचे बाहेर ढकला, क्राउन, म्हणजे डोक्यावर बसणारा वरचा भाग, घुमटासारखा गोल झाला पाहिजे. परत थोडी वाफ, आणि मग वरून मधोमध तळहाताच्या कडेने दाबून चर पाडा, पुढून पाठीमागे उतरता, आणि पुढच्या दोन बाजूंना अंगठा नि बोटांनी चिमटे. फेल्ट गार होईपर्यंत हात काढायचा नाही, आकार धरतो तो गार होताना. आजोबांचा हॅट घातलेला फोटो असेल तर समोर ठेवा, कुणाचा चर खोल, कुणाची ब्रिम, म्हणजे भोवतालची रुंद कड, डोळ्यावर ओढलेली, तो आकार त्या माणसाचा असतो, यूट्यूबवरचा पाडू नका.

क्राउन फारच चेपलेला असेल तर आत टॉवेल गुंडाळलेलं पातेलं घालतात, पण ते फक्त वरच्या भागापुरतं, कारण डोकं लांबट असतं आणि पातेलं गोल, स्वेटबँडच्या रेषेपर्यंत ठोकून बसवलंत तर हॅट कपाळावर आणि मागे टोचते.

ब्रिमचं वेगळं. ती ताठ राहावी म्हणून फेल्टला शेलॅक, म्हणजे आपली लाखच, दिलेली असते, ती वाफेने ढिली होते, जास्त वाफ झाली की ब्रिम लुळी. टेबलावर टॉवेल, त्यावर ब्रिम, वर ओलसर सुती कापड, आणि लोकरीच्या सेटिंगवर इस्त्री नुसती दाबायची, ओढायची नाही. उघड्या फेल्टला इस्त्री थेट लागली की चकचकीत डाग, तो निघत नाही. नंतर पुढची कड खाली, मागची वर, बोटांनी वळवा आणि रात्रभर तशीच राहू द्या.

घट्ट हॅट वाफ देऊन ताणली तरी अर्ध्या साइजपेक्षा जास्त आशा नको, त्यापुढे स्वेटबँडची शिवण उसवते. चामडं भुरभुरीत होऊन हाताला लाल पूड लागत असेल तर त्याला तेल, व्हॅसलिन काही लावू नका, अजून लवकर जातं, अशी हॅट घालायची नाही, ठेवायची.

ठेवताना खुंटीला टांगू नका, वर टेंगूळ येतं. ब्रिमवरही ठेवू नका, सपाट होते. उलटी, क्राउनवर, आत पांढरा टिश्यू पेपर भरून पुठ्ठ्याच्या खोक्यात, सोबत सिलिका जेल, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कायमची बंद तर बिलकुल नाही. ऑक्टोबरात एकदा सावलीत हवा द्या. उचलताना चिमट्याला धरून उचलायची सवय सिनेमात बघून लागते, पण जुनं फेल्ट तिथेच फाटतं, पुढून आणि मागून ब्रिमला धरा. पावसात भिजलीच तर झटका, स्वेटबँड खाली काढून त्याच्यावरच उभी करा आणि पंख्याखाली सोडून द्या. हेअर ड्रायर नको, उन्हात तर नकोच.