चांदरचं घर बघायला जाताय? आधी रांदची कूड (स्वयंपाकघर) विचारा

गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात चांदरला ब्रागांझांचं घर बघायला लोक जातात ते झुंबरांसाठी. झुंबरं बघाच, पण गावाचा इतिहास हवा असेल तर आधी रस्त्यापलीकडे उभं राहून दर्शनी भिंतीतल्या २४ खिडक्या निवांत बघा. घर एकच, पण बिऱ्हाडं दोन: पूर्वेला ब्रागांझा परेरा, पश्चिमेला मिनेझिस ब्रागांझा. देणगीही दोन ठिकाणी वेगवेगळी द्यायची, सुट्टे पैसे जवळ ठेवा.

आत माणसं राहतात, म्हणून आवाज बेताचा ठेवा आणि सुरुवात कोंकणीतून करा. मी फोंड्याची. शाळेतली मुलं नेते तेव्हा त्यांना मोबाइल पिशवीत ठेवायला लावते आणि हातात वही देते. पहिला प्रश्न ठरलेला: "रांदची कूड खंय?" मग विचारायचं, पाणी कोण भरायचं, भात कुठे साठवायचे, मुंडकार (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारे) आले तर कुठवर यायचे, फेस्ताला (चर्चच्या सणाला) देवाच्या खोलीत कोण कोण जमायचं. दिवाणखान्यातली शिसवी खुर्ची घराण्याचं नाव सांगते. बाकीचा गाव या उत्तरांतून कळतो.

जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या जवळून बघा. लाकडी पट्ट्यांत चौकोनी कापलेले शिंपले बसवलेले असतात. त्यांतून दुधाळ उजेड आत येतो, पण पलीकडचं माणूस दिसत नाही.

पश्चिमेच्या भागातल्या ग्रंथसंग्रहापाशी जरा जास्त थांबा. लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) याच घरातले. १९०० साली 'ओ हेराल्डो' हे दैनिक काढण्यात त्यांचा हात होता, आणि १९३० साली गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव त्यांनी पोर्तुगीज राजवटीतल्या विधिमंडळात मांडला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरातून हे झालं, हे मुलांना मुद्दाम सांगते. गोवा मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आला. कुळांना जमिनीचा आधार मिळाला, अशा घरांचं उत्पन्न आटलं. देणगीची पेटी दारात का आली ते इथे समजतं. मला त्यात दुःख करण्यासारखं काही वाटत नाही, पण कौलं शाकारायला पैसा लागतोच.

घरी आल्यावर लगेच आठवून घराचा नकाशा काढा आणि शेजारी आपल्या आजोळच्या घराचा. कुठल्या खोलीत बाहेरच्याला प्रवेश नव्हता, ते दोन्हीकडे लाल पेन्सिलीने रंगवा. आमच्या वर्गात सगळ्यात जास्त भांडणं याच लाल रंगावरून होतात.

वेळ असेल तर जुन्या कोटाच्या जागेतला डोकं नसलेला नंदी बघून या. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी. ब्रागांझा त्यामानाने कालचेच. कार्निव्हालच्या सोमवारी गेलात तर तिथल्या ख्रिस्ती चाड्ड्यांचा (क्षत्रिय समाजाचा) मुसळ खेळ, म्हणजे मुसळं घेऊन केलेला नाचही बघायला मिळेल. खेळ रात्रीचा असतो, तेव्हा मडगावला परतायची सोय दिवसाच करून ठेवा.