गांडूळ कातडीनं श्वास घेतं : बेड भरताना या चुका टाळा

गांडुळाला फुप्फुसं नाहीत, कल्लेही नाहीत. ते अंगभरच्या कातडीनं श्वास घेतं. कातडीवर चिकट द्रवाचा ओला थर असतो. ऑक्सिजन त्यात विरघळतो, खालच्या बारीक रक्तवाहिन्यांत उतरतो आणि हिमोग्लोबिन तो पुढे नेतं. कातडी सुकली की श्वास बंद. ओल असून हवा नसली, तरीही बंद. एवढं समजून न घेता लोक गांडूळखताचा बेड भरतात आणि मग म्हणतात, "कल्चर (बेडमध्ये सोडायची गांडुळं) बोगस निघालं."

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त गांडुळं जातात ती पाण्यापायी. आमच्या गावात एका पोरानं हौसेनं प्लास्टिकचा बेड लावला. उन्हाळा होता, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पाइप धरायचा आणि ओल टिकावी म्हणून वरून प्लास्टिकचा कागदही घातला. "काका, एवढं पाणी मारतोय, तरी गांडुळं बेड सोडून चाललीत," म्हणाला. कोपरापर्यंत हात घातला. वरची चार बोटं माल ठीक, खाली काळा रबडा आणि सडक्या अंड्यांचा वास. पाणी जायचा पाइप मालानं बुजलेला. उरलेली गांडुळं कडेला गोळा होऊन वर चढत होती. हवेच्या तुलनेत पाण्यात ऑक्सिजन सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो आणि जो असतो तो सडणारं शेणच संपवतं. वाहत्या, ताज्या पाण्यात गांडूळ काही काळ तग धरतं; अशा रबड्यात नाही.

आम्ही कागद काढून फेकला, पाइप मोकळा केला, रबडा उपसून उन्हात पसरला. तळाला विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या, त्यावर पाचट आणि जुनं शेण, वरून ओलं गोणपाट. पाणी किती, याला माझी खूण मुठीची : माल घट्ट दाबला की लाडू वळावा आणि बोटांतून एखाद-दुसराच थेंब यावा. दिवस ठरवून पाणी देऊ नका, मूठ बघून द्या.

ताजं शेण ही दुसरी घाई. ते तापतं, त्यातून अमोनिया निघतो, गांडुळं भाजतात. पंधरा-वीस दिवस सावलीत पसरून, मधूनमधून हलवून, मालात हात घातल्यावर गार लागला तरच गांडुळं सोडा. "चार दिवसांत होतं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

बेड उन्हात नको. मुंग्यांना आत येऊ देऊ नका. कोंबड्या तर सगळं उकरून खातात.

खताची गांडुळं शेतात सोडा, असा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बेडमधली आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस शेण-पाचोळ्याच्या थरात जगणारी. नांगरलेल्या उघड्या रानात त्यांना खायला काही नसतं आणि ऊन लागलं की कातडी सुकते. जमिनीत काम करतात ती आपली देशी गांडुळं, लॅम्पिटो मॉरिटीसारखी. त्यांच्या बिळांतून पावसाचं पाणी खाली मुरतं, मुळांना हवा मिळते. विष्ठेत पिकाला लगेच घेता येईल असं नत्र, स्फुरद असतं. डार्विननं १८८१ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

ही गांडुळं आपण स्वतःच हुसकावतो. ऊस तुटला की पाचट पेटवतो, म्हणजे त्यांचं अन्न आणि सावली दोन्ही जाळतो. मोकाट पाणी सोडून सऱ्या दिवसेंदिवस तुंबवतो, तेव्हा बिळं बुजतात आणि हाल तेच, जे त्या बेडमध्ये झाले. वापसा, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिलेली माती, यायच्या आत ट्रॅक्टर घालतो, माती दाबली जाते, हवेच्या पोकळ्या संपतात. पाचट कुट्टी करून सरीत ठेवा, त्यावर शेणकाला शिंपडा आणि वापसा बघूनच रानात उतरा. दोन पाऊस झाले की एक फावडं माती उलटून गांडुळं मोजा. पुढच्या वर्षी तिथंच, त्याच सुमारास पुन्हा मोजा.