घोडी मान का झटकत होती

लगाम ओढला की आमची घोडी मान वर फेकायची. सगळ्यांचा सल्ला एकच, "कडक कडियाळं घाल." (कडियाळं म्हणजे लगामाला जोडलेला, घोड्याच्या तोंडात बसणारा धातूचा तुकडा.) मी कर्ब नावाचं कडक कडियाळं आणलं. त्याच्या दांड्या आणि हनुवटीखालची साखळी मिळून तरफ होते, हाताचा जोर काही पटींनी वाढतो. घोडी आणखीच बिथरली. (काटेरी कडियाळ्यांना तर भारतात जनावरांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदीच आहे.)

शेवटी तिचं तोंड उघडून बघितलं. जुनं स्नॅफल, म्हणजे तरफ नसलेलं साधं कडियाळं, अरुंद होतं, ओठांचे कोपरे चिमटत होतं. मग दोन सांध्यांचं, दोन्ही बाजूंना पाव इंच मोकळं राहणारं घेतलं. कडियाळं धरून ठेवणारे गालपट्टे एका भोकाने सैल केले; ओठाच्या कोपऱ्यावर एखादीच सुरकुती पडावी, इतपत. गळ्याखालून जाणाऱ्या गळपट्ट्यात चार बोटं जातात ना, तेही पाहिलं. आठवड्याभरात मान खाली आली. कर्ब तेव्हापासून खुंटीवरच आहे.