केशरोपण करावे की विरळपणा झाकावा? निर्णयाआधीचा हिशेब

टक्कल पडू लागलेल्या माणसापुढे औषधांखेरीज दोन वाटा असतात. शस्त्रक्रिया करून स्वतःचेच केस डोक्याच्या एका भागातून काढून दुसऱ्या भागात लावून घ्यायचे, किंवा पावडर, पॅच (टाळूच्या काही भागापुरता विग), विग, टाळूवर गोंदवलेले रंगाचे ठिपके अशा बाह्य उपायांनी विरळपणा झाकायचा. पहिली वाट कायमची आणि दुसरी तात्पुरती, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण लावलेले केस टिकले तरी त्यांच्या आजूबाजूचे मूळचे केस गळतच राहू शकतात. शिवाय केशरोपणाने एकही नवा केस तयार होत नाही. आहेत त्या केसांची जागा बदलते, एवढेच. म्हणून निवड करताना कोणता उपाय चांगला हे विचारण्याआधी, डोक्याच्या मागच्या बाजूला उचलण्याजोग्या केसांचा साठा किती आहे आणि पुढे गळती किती व्हायची आहे, हे विचारावे लागते.

आधी कारण पक्के करा

दिवसाला ५० ते १०० केस गळणे सामान्य आहे. त्याहून जास्त गळत असतील, तर मागच्या दोन-तीन महिन्यांत काय घडले ते आठवावे. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, वेगाने घटवलेले वजन किंवा तीव्र मानसिक ताण यांनंतर बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळू लागतात. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. अशा वेळी केशरोपणाचा विचार करणे चूकच. रक्तातील लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे आणि थांबावे.

गोल, गुळगुळीत चकते पडले असतील तर ती चाई असू शकते. तिच्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते आणि रोपण केलेले केसही त्यातून सुटतील याची खात्री नसते. याउलट टाळूची त्वचा चकचकीत दिसते, रंध्रे बुजलेली असतात, कडेला लाली, खवले किंवा जळजळ असते, तेव्हा व्रण ठेवून जाणाऱ्या आजाराची शंका घ्यावी लागते. तेथे आधी औषधोपचार करायचा आणि आजार शांत होऊन किमान वर्ष-दोन वर्षे उलटल्याशिवाय शस्त्रक्रियेचे नावही काढायचे नाही. हा फरक घरच्या आरशात कळत नाही. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून पाहतात आणि गरज पडल्यास त्वचेचा छोटा तुकडा तपासणीला पाठवतात. घट्ट वेणी, अंबाडा किंवा जोडकेसांच्या ताणामुळे कानशिलांजवळचे केस गेले असतील, तर पहिला उपचार म्हणजे तो ताण काढून टाकणे.

ही कारणे वगळली की उरतो तो आनुवंशिक विरळपणा आणि बहुतेकांचा प्रश्न तोच असतो. टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या संप्रेरकामुळे संवेदनशील मुळे पिढीगणिक बारीक केस उगवू लागतात. येथे पिढी म्हणजे केसाच्या वाढीचे एक चक्र. पुरुषांत ही गळती कानशिलांपासून आणि माथ्यावरून सुरू होते. तिचे टप्पे हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडले, नॉरवूड यांनी १९७५ मध्ये सुधारले आणि ते सात टप्पे आजही डॉक्टरांच्या बोलण्यात असतात. स्त्रियांत पुढची रेषा बहुधा टिकून राहते आणि भांग रुंदावत जातो.

मागचा साठा मोजा

डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातील केस डीएचटीला सहसा दाद देत नाहीत. तेथून उचलून पुढे लावलेला केस नव्या जागेचा गुण न घेता जुन्या जागेचाच गुण धरून राहतो, हे अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडले आणि आजचे सगळे केशरोपण त्याच तत्त्वावर उभे आहे. अडचण अशी की तेथून काढलेले मूळ पुन्हा उगवत नाही. आयुष्यभरात तेथून साधारण ४००० ते ६००० ग्राफ्ट, म्हणजे मुळांसकट उचललेले केसांचे पुंजके, मिळतात. दाट केसांच्या माणसाला जास्त मिळतात, विरळ केसांच्या माणसाला कमी. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात.

आता या साठ्यातले किती ग्राफ्ट खर्ची पडतील ती बाजू, जी घरी बसूनही काढता येते. पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर बसवावा, दुसऱ्या कुणाकडून विरळ भागाची कड स्केचपेनने आखून घ्यावी आणि तो कागद आलेख-कागदावर ठेवून चौकटी मोजाव्यात. समजा, भाग ८० चौरस सेंटीमीटर भरला. नैसर्गिक डोक्यावर एका चौरस सेंटीमीटरला सुमारे ६५ ते ८५ ग्राफ्टइतके केस असतात. पण निम्मे जाईपर्यंत विरळपणा डोळ्यांना फारसा जाणवत नाही, म्हणून शल्यविशारद साधारण ३० ते ४५ लावतात. ३५ धरले तरी ८० गुणिले ३५ म्हणजे २८०० ग्राफ्ट झाले. म्हणजेच केवळ पुढचा भाग भरण्यात निम्मा साठा संपला आणि माथा अजून जायचाच आहे.

पंचविशीच्या आतल्या तरुणाला बहुतेक जबाबदार डॉक्टर थांबायला सांगतात ते याच हिशेबामुळे. कपाळाची रेषा शाळकरी मुलासारखी खाली आणण्याचा हट्ट त्याने पुरा करून घेतला, तर चाळिशीत पुढे लावलेल्या केसांची एक पट्टी, मागे उघडे मैदान आणि ते भरायला साठा नाही, अशी अवस्था येते. ती झाकणे मूळच्या टकलापेक्षा अवघड असते. वडील, आजोबा आणि मामा यांची टकले पाहून ठेवावीत. त्यावरून नेमके भविष्य कळत नाही, पण अंदाजाला आधार मिळतो.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. अनेकींचे केस मागच्या बाजूलाही विरळ झालेले असतात आणि मग ज्या साठ्यातून उचलायचे तोच भरवशाचा राहत नाही.

मधल्या काळात बाह्य उपाय

गळती कोणत्या वेगाने पुढे सरकते हे कळायला किमान वर्ष जाते. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, ओले केस त्याच भांगाने विंचरून चार बाजूंनी छायाचित्रे काढावीत. याच वर्षात डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध चालू करता येते. मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढते आणि घाबरून पुष्कळ जण ते तेथेच सोडतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केले की फायदा ओसरतो. पुरुषांसाठी फिनॅस्टेराइडची गोळी असते. तिचे लैंगिक आणि मनःस्थितीवरचे संभाव्य दुष्परिणाम आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावेत. गरोदर किंवा गरोदर राहू शकणाऱ्या स्त्रीसाठी ती निषिद्ध आहे.

या काळात झाकण्याचे उपाय वापरण्यात कमीपणा मुळीच नाही. गोंदवलेले ठिपके वगळता हे उपाय मागे घेता येतात आणि माझ्या मते हा त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे.

केसांची पावडर म्हणजे केराटिनचे अतिबारीक तंतू. ते स्थितिक विद्युतभारामुळे असलेल्या केसांना चिकटतात, त्यामुळे केस विरळ असतील तेथे चांगले चालतात आणि पूर्ण टकलावर निरुपयोगी ठरतात. केस पूर्ण कोरडे करून, आधी थोडीशीच पावडर शिंपडावी, बोटांनी हलके थापटावे आणि वरून स्प्रे मारावा. रंग मुळांशी असलेल्या केसांचा जुळवावा, टोकांचा नव्हे. घाम आणि पाऊस हे तिचे शत्रू आहेत.

पॅच किंवा विग मोठ्या टकलावरही चालतो आणि त्याच दिवशी दाट केस देतो. क्लिपने बसणारा पॅच रोज काढता येतो, मात्र क्लिपा ज्या केसांना धरतात त्यांच्यावर ताण येतो. म्हणून जागा बदलत राहावी आणि रात्री तो काढून ठेवावा. टेप किंवा गोंदाने चिकटवलेला पॅच तीन-चार आठवड्यांनी काढून, टाळू धुऊन, पुन्हा बसवावा लागतो. गोंद आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावा. खाज किंवा पुरळ उठली तर तो डोक्याला लावू नये. पॅच वर्षानुवर्षे चालत नाही, त्याचे केस झडतात आणि रंग उतरतो, म्हणून खर्च एकदाचा न मोजता दहा वर्षांचा मोजावा. केमोथेरपीत केस जाणाऱ्यांसाठी विग हाच योग्य मार्ग आहे, कारण उपचार संपल्यावर केस बहुधा परत येतात.

टाळूवर रंगाचे बारीक ठिपके गोंदवण्याचा प्रकार बारीक कापलेल्या केसांचा आभास देतो. तो दोन ते चार बैठकांत होतो, काही वर्षांनी फिकट होतो आणि मग पुन्हा करावा लागतो. येथे सावध राहावे: हा उपाय दिसायला सौंदर्यप्रसाधन असला तरी पुसता येत नाही आणि पुढे सरकत जाणाऱ्या टकलात आज आखलेली रेषा उद्या विचित्र दिसू शकते. कृत्रिम तंतू टाळूत रोवण्याच्या प्रकाराला तर सरळ नकार द्यावा. संसर्ग आणि व्रणांमुळे अमेरिकेने त्यावर १९८३ मध्येच बंदी घातली.

शस्त्रक्रियेकडे वळताना

कारण आनुवंशिक आहे, वर्षभराच्या छायाचित्रांत गळती आटोक्यात दिसते, मागचा साठा पुरेसा आहे आणि अपेक्षा वयाला शोभणारी आहे, असे चारही जुळले तर केशरोपण उत्तम उपाय ठरतो. एफयूटी पद्धतीत मागून त्वचेची पट्टी काढून ग्राफ्ट वेगळे करतात. एका वेळी भरपूर मिळतात, पण एक लांब रेषेचा व्रण राहतो आणि केस बारीक कापले की तो दिसतो. एफयूई पद्धतीत साधारण एक मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे गोल पात्याच्या हत्याराने, एकेक ग्राफ्ट काढतात, त्यामुळे ठिपक्यांसारखे व्रण विखुरतात. ‘व्रणविरहित’ ही जाहिरातीची भाषा आहे. हावरेपणाने फार काढले तर मागचा भाग कसर लागल्यासारखा दिसतो.

डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. ग्राफ्ट स्वतः डॉक्टर काढणार की सहायक? माथा पुढे विरळ झाला तर त्यासाठी किती ग्राफ्ट राखून ठेवणार? माझ्यासारख्याच केसांच्या रुग्णाचे एका वर्षानंतरचे, ओल्या केसांचे छायाचित्र आहे का? भेटीच्या दिवशीच आगाऊ रक्कम भरायला लावणारे ठिकाण मी टाळीन. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, धूम्रपान आणि व्रण जाड होण्याची प्रवृत्ती यांतले काहीही लपवू नये.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ मनाची परीक्षा घेतो. लावलेल्या केसांपैकी बहुतेक दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात, मुळे मात्र आत राहतात. नवी वाढ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते आणि खरे चित्र वर्षभराने, माथ्यावर कधी दीड वर्षाने दिसते. आजूबाजूचे मूळचे केस गळू नयेत म्हणून औषध नंतरही बहुधा चालू ठेवावे लागते. ज्याला रोज औषध घ्यायचेच नाही, त्याने हे आधीच डॉक्टरांना सांगावे, कारण त्यावरून रेषा कुठे आखायची हे ठरते.

दोन्ही वाटा एकत्रही येतात. पुढचा भाग रोपून माथ्यावर पावडर वापरणारे बरेच असतात आणि एफयूटीचा व्रण झाकायला ठिपके गोंदवणारेही. मात्र रोपणानंतर पावडर, गोंद किंवा पॅच पुन्हा कधी सुरू करायचा, हे खपल्या पडून त्वचा भरल्याचे डॉक्टरांनी पाहिल्यावरच ठरवावे. पॅच वापरणाऱ्याने तो शस्त्रक्रियेच्या किती दिवस आधी काढून ठेवायचा, हेही पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.